सहाध्ययन : वर्गातील परस्परोपकार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना वास्तू, वर्गखोल्या, शिष्यवृत्त्या आणि देणगीदार यांचा उल्लेख होतो आणि तो व्हावयासही हवा. परंतु ज्या वर्गखोल्या समाजाने इतक्या कष्टाने उभ्या केल्या, त्यांच्या चार भिंतींच्या आत मूल नेमके कसे शिकते, हा प्रश्न अशा प्रसंगी क्वचितच विचारला जातो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे. मुलांनी एकमेकांच्या साहाय्याने शिकणे, म्हणजेच सहाध्ययन.

कोणत्याही शाळेतील वर्गाच्या दाराशी क्षणभर उभे राहून पाहावे. बाके एकामागे एक मांडलेली असतात. प्रत्येक विद्यार्थ्यास दोनच गोष्टी दिसतात. पुढे बसलेल्याच्या डोक्याची मागची बाजू आणि गुरुजींचा चेहरा. गुरुजी प्रश्न विचारतात. दहा हात वर होतात. एकाला उठविले जाते. तो अडखळला की उरलेले नऊ हात अधिकच उत्साहाने हलू लागतात. एकाचे चुकणे ही दुसऱ्याची संधी ठरते. ज्यांचा हात कधीच वर होत नाही अशी पाच-सात मुले मागे मान खाली घालून बसलेली असतात आणि आपल्यावर नजर पडू नये एवढीच त्यांची इच्छा असते. ‘शेजाऱ्याच्या वहीत पाहू नकोस’, ‘तुझे तू कर’ ही वाक्ये दिवसातून कितीदा तरी कानी पडतात. दहा वर्षे हाच क्रम चालतो. दुसरा मागे राहिला तरच आपण पुढे जातो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. परंतु मुलांच्या मनात तोच सर्वांत खोल रुजतो.

हा धडा किती घातक ठरू शकतो याचा अनुभव अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहराला १९७१ साली आला. वर्णभेदावर आधारलेल्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच दिला होता. तथापि अनेक शहरांत तो प्रत्यक्षात उतरण्यास बरीच वर्षे लागली. ऑस्टिनमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली, आणि काही आठवड्यांतच वर्गांत व मैदानांवर हाणामाऱ्या सुरू झाल्या. शाळाप्रमुखांनी टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांना पाचारण केले. ॲरनसन व त्यांचे विद्यार्थी काही दिवस वर्गात नुसते बसून राहिले. त्यांना जे दिसले ते वर वर्णन केलेलेच दृश्य होते. मुलांना एका खोलीत आणले होते. परंतु त्या खोलीचा नियम स्पर्धेचा होता. आधीच मागे पडलेल्या मुलांना त्या स्पर्धेत हरण्यावाचून दुसरे काही शक्यच नव्हते, आणि जिंकणाऱ्यांना त्यांच्याविषयी तुच्छतेवाचून दुसरे काही वाटत नव्हते.

त्यांनी योजिलेला उपाय साधा होता. पाचवीच्या वर्गातील धडा होता जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा. हंगेरीत जन्मलेला हा मनुष्य निर्धन अवस्थेत अमेरिकेत आला आणि पुढे मोठा वृत्तपत्रकार झाला. पत्रकारितेतील प्रसिद्ध पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. या चरित्राचे सहा परिच्छेद करण्यात आले. वर्गाचे लहान गट पाडून गटातील प्रत्येक मुलास एकच परिच्छेद देण्यात आला. एकाकडे पुलित्झर यांचे बालपण, दुसऱ्याकडे तारुण्य, तिसऱ्याकडे वृत्तपत्रातील प्रवेश, याप्रमाणे. प्रत्येकाने आपला परिच्छेद वाचावयाचा, नंतर इतर गटांतील ज्यांच्याकडे तोच परिच्छेद आहे त्यांच्यासमवेत बसून तो पक्का करावयाचा, आणि पुन्हा आपल्या गटात येऊन इतरांना सांगावयाचा. परीक्षा मात्र संपूर्ण चरित्रावर, आणि प्रत्येकाची स्वतंत्र. चित्राचे तुकडे जुळवून पूर्ण चित्र करण्याचा जो मुलांचा खेळ असतो, त्यावरून या पद्धतीस ‘जिगसॉ’ असे नाव मिळाले.

ॲरनसन यांनी त्यातील एका मुलाची हकीकत नोंदविली आहे. त्यास त्यांनी कार्लोस असे नाव दिले आहे. त्याची घरची भाषा स्पॅनिश; इंग्रजी बोलताना तो अडखळे, आणि पूर्वीच्या अनुभवाने शहाणा होऊन वर्गात गप्पच बसे. शिक्षकांनीही त्याला प्रश्न विचारणे सोडून दिले होते. हेतू चांगला होता, त्याची फजिती टळावी हा. नव्या पद्धतीत त्याला बोलणे भाग पडले, आणि तो बोलू लागताच गटातील इतर मुले त्याची थट्टा करू लागली. तेव्हा तेथे असलेल्या निरीक्षकाने मुलांना रागावले नाही, उपदेशही केला नाही. थट्टा करणे गमतीचे वाटत असेल, परंतु त्याने पुलित्झर यांच्या आयुष्यातील तो भाग कळणार नाही आणि परीक्षा तर थोड्याच वेळात आहे, एवढेच त्यांच्या ध्यानात आणून दिले. मुलांना व्यवहार कळला. कार्लोसकडे जे होते ते जगात दुसऱ्या कोणाकडूनही त्यांना मिळणार नव्हते. काही दिवसांतच ती मुले त्याला नीट प्रश्न विचारू लागली, त्याच्या उत्तरासाठी थांबू लागली. विचारणारे चांगले झाले तसा सांगणाराही मोकळा झाला, आणि ज्याला आपण मंद समजत होतो तो मंद नाही असे त्यांना दिसून आले.

सुमारे आठ आठवड्यांनंतर तुलना करण्यात आली तेव्हा या वर्गांतील मुलांचा परस्परांविषयीचा जिव्हाळा व स्वतःविषयीचा विश्वास नेहमीच्या वर्गांपेक्षा अधिक आढळला. मागे पडलेल्या समाजगटांतील मुलांचे परीक्षेतील गुण सुधारले, आणि गोऱ्या मुलांच्या गुणांत काहीही घट झाली नाही. हे शेवटचे वाक्य पालकांनी विशेष लक्षात ठेवावयास हवे; त्याकडे पुढे वळू.

येथे एका गैरसमजाचा विचार केलाच पाहिजे, कारण सहाध्ययनाच्या नावाखाली शाळांतून जे चालते त्यातील पुष्कळसे सहाध्ययन नव्हे. पाच मुलांना ‘प्रकल्प’ दिला जातो. ज्याचे अक्षर चांगले तो लिहितो, जिला चित्रकला येते ती चित्रे काढते, एकजण थर्माकोल आणतो, एकाच्या घरी संगणक असल्यामुळे तो छापून आणतो, आणि पाचवा नाव लिहिण्यापुरता असतो. प्रकल्पास पैकीच्या पैकी गुण मिळतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात हीच रीत असते. एक कारागीर वर्षानुवर्षे कॉलरच शिवतो, दुसरा बाहीच जोडतो, तिसऱ्याच्या वाट्यास काजे आणि गुंड्या. शर्ट उत्तम तयार होतो. परंतु कॉलर शिवणाऱ्यास शर्ट शिवता येतो असे नाही. कारखान्यासाठी ही रीत योग्यच आहे, कारण तेथे शर्ट हवा असतो. शाळेत शर्ट नको, शिंपी हवा. कामाची वाटणी आणि ज्ञानाची वाटणी यांत हा भेद आहे. ऑस्टिनच्या वर्गात प्रत्येकाकडे एकच तुकडा होता हे खरे, परंतु अखेरीस प्रत्येकाला संपूर्ण चरित्र आले पाहिजे असा नियम होता.

दुसरा दोष याहून जुना आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग करून त्यांचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध केले. एकटा मनुष्य जितका जोर लावतो तितका तो समूहात लावत नाही असे त्यास आढळले. आठ जणांनी मिळून दोर ओढला तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता. आठ माणसे एकाच लयीत ओढत नाहीत हे त्याचे एक कारण. ‘दुसरे ओढत आहेतच’ ही भावना हे दुसरे. व्यापारी समाजास हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भांडवल न घालता आणि दुकानावर न बसता नफ्याच्या दिवशी हजर राहणारा भागीदार सर्वांच्या परिचयाचा असतो.

भागीदारीचा विषय निघालाच आहे तर १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याकडे पाहावे. त्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमानुसार पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे जबाबदार असतो आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही’ या दोन शब्दांत सहाध्ययनाचे सारे मर्म आले आहे. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. परस्परांवाचून कोणाचेही काम पुरे होऊ नये, आणि तरीही प्रत्येकाचा हिशेब वेगळा द्यावा लागावा, या दोन अटींवर त्यांनी सर्वाधिक भर दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट स्लेव्हिन यांनी तर गटाचे कौतुक प्रत्येक सदस्याच्या स्वतःच्या प्रगतीवर मोजण्याची पद्धत रूढ केली. मुलाच्या मागील गुणांशी त्याचे आजचे गुण ताडून पाहावयाचे. चाळीसवरून पन्नासवर आलेला मुलगा अशा गटास ओझे वाटत नाही, उलट तो गटाची मिळकत ठरतो. पहिली अट सुटली की एकत्र बसून प्रत्येकजण आपापलेच करतो. दुसरी सुटली की एकजण राबतो आणि चारजण झोपतात.

जैन परंपरेस यात परके असे काही वाटण्याचे कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांचे कार्य परस्परांवर उपकार करणे हे आहे असे सांगितले असून, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी स्वीकारलेल्या जैन प्रतीकचिन्हाखाली तेच सूत्र लिहिलेले आहे. ते चिन्ह लग्नपत्रिकांवर, दुकानांवर, वाहनांवर सर्वत्र दिसते. पाठशाळेच्या वर्गात मात्र त्याचा प्रवेश अद्याप व्हावयाचा आहे. याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार दिले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचना म्हणजे ग्रंथ व त्याचा अर्थ देणे-घेणे. पृच्छना म्हणजे शंका विचारणे. अनुप्रेक्षा म्हणजे मनात वारंवार चिंतन. आम्नाय म्हणजे शुद्ध घोकणे. आणि धर्मोपदेश म्हणजे जे कळले ते दुसऱ्यास सांगणे. या पाचांतील वाचना, पृच्छना आणि धर्मोपदेश हे तीन प्रकार दुसरा कोणी समोर असल्याखेरीज घडतच नाहीत. आजच्या बहुतेक पाठशाळांतून पाचांपैकी आम्नाय तेवढा उरला आहे. मूल सूत्रे खडाखडा म्हणते, स्पर्धेत पारितोषिक मिळविते, आणि दोन वर्षांनी त्यातील एकाही शब्दाचा अर्थ त्यास सांगता येत नाही. घोकंपट्टीचा उपहास करण्याचा येथे हेतू नाही. तिनेच शतकानुशतके श्रुत जिवंत ठेवले. परंतु पाच खांबांच्या मंडपाचा एकच खांब राखून मंडप उभा राहत नाही.

पृच्छनेचे महत्त्व तर आगमांच्या रचनेतच दिसते. गौतम गणधर विचारतात आणि भगवान उत्तर देतात, असे भगवतीसूत्राचे, म्हणजेच व्याख्याप्रज्ञप्तीचे स्वरूप आहे. त्यात छत्तीस हजार प्रश्न होते असे परंपरा मानते. चार ज्ञानांचे धनी असलेल्या गणधरांस विचारण्यात कमीपणा वाटला नाही. पाचवीतील मुलास मात्र ‘हे मला समजले नाही’ असे चाळीस जणांसमोर म्हणण्याची लाज वाटते. तेच वाक्य शेजारी बसलेल्या मित्रास तो सहज म्हणतो. सहाध्ययनाचा निम्मा लाभ या एकाच गोष्टीत आहे. हत्ती आणि अंधांचा दृष्टांत अनेकान्त समजाविण्यासाठी सर्वत्र सांगितला जातो. त्यातील प्रत्येकाने आपला तुकडा अचूकच ओळखला होता. फक्त दुसऱ्याचा तुकडा ऐकून घेण्याची सोय त्या गटात कोणी लावून दिली नव्हती!

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर एका नावास वगळून पुढे जाता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. १९१९ साली त्यांनी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसह सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवीत. ज्या काळात गावच्या शाळेत अस्पृश्यांचे मूल दाराबाहेर बसत असे, त्या काळातील ही गोष्ट आहे. बोर्डिंग चालविण्यासाठी सौभाग्यवती लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, विकावयास दिले, हे सर्वांना ज्ञात आहे. एवढा त्याग कशासाठी केला गेला, याचा विचार मात्र थोडा अधिक व्हावयास हवा. नुसती शिष्यवृत्ती देऊन मुले आपापल्या जातीच्या वसतिगृहांत ठेवणे हा त्या काळचा रुळलेला मार्ग होता, आणि तो स्वस्तही होता. कर्मवीरांनी तो सोडला. मुलांनी नुसते शेजारी बसावे असे न म्हणता एकाच चुलीची आणि एकाच शेताची जबाबदारी त्यांनी त्यांच्यावर सोपविली. ज्याने पाणी आणले नाही त्याच्यामुळे सर्वांची भाकरी अडेल, असे त्या घराचे गणित होते. ऑस्टिनच्या अभ्यासकांनी जे वर्गात केले त्याचे हे घरगुती रूप होय, आणि ते त्यांच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीचे आहे. समाजाने कर्मवीरांची जयंती साजरी करावी; परंतु पाठशाळेत घाऊक व्यापाऱ्याचा मुलगा आणि त्याच्याच दुकानातील मुनीमजींचा मुलगा एका गटात बसतात की नाही, हेही एकदा पाहावे.

शासकीय शाळांतही हा विचार नवा राहिलेला नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांत मुले जमिनीवर गटाने बसून मणी, काड्या आणि शब्दपट्ट्या हाताळत शिकत. राज्यभरातील शिक्षकांनी तेथे भेटी दिल्या, आणि २०१५ साली शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा त्या शाळांचे उदाहरण पुढे ठेवले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी मुलांस शिकविण्याचा उल्लेख आहे.

मात्र संस्थाचालकांना एक इशारा देणे आवश्यक आहे, आणि तो भारतातीलच इतिहासातून मिळतो. मद्रासमधील एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम होता. १७८९ पासून त्याची व्यवस्था पाहणारे अँड्र्यू बेल यांनी जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत असे पाहिले. आपल्या शिक्षकांनी ती रीत स्वीकारण्यास टाळाटाळ केली तेव्हा त्यांनी एक वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या मुलाकडे सोपविला, आणि त्याने तो उत्तम चालविला. १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनीही लंडनमध्ये अशीच शाळा काढली, आणि एक शिक्षक शेकडो मुलांना विद्यार्थी-नायकांकरवी शिकवू शकतो ही बातमी सर्वत्र पसरली. देणगीदारांस त्यातील काटकसरच अधिक आवडली. शिक्षकाचे वेतन वाचले. परंतु वर्गाची कवायत झाली. ठरलेले शब्द, ठरलेल्या आज्ञा, ठरलेली उत्तरे. विचारण्यास आणि समजावण्यास जागाच राहिली नाही, आणि काही दशकांत ती पद्धत मागे पडली. तात्पर्य हे की सहाध्ययन हा शिक्षक कमी करण्याचा मार्ग नव्हे. त्यात शिक्षकाचे काम वाढते. धड्याचे तुकडे पाडणे, गट विचारपूर्वक बांधणे, प्रत्येक गटाजवळ थांबून ऐकणे, चुकीचे काही रुजत असेल तर तेथेच थांबविणे, हे सर्व फळ्यावर लिहून देण्यापेक्षा अवघड आहे. पाठशाळेच्या अध्यापकांस आज जे मानधन मिळते त्यात ही अपेक्षा करणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न विश्वस्तांनी आपल्या पुढील सभेत घ्यावा.

आता पालकांच्या आक्षेपाकडे. ‘आमचा मुलगा हुशार आहे, इतरांना शिकविण्यात त्याचा वेळ जातो.’ आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु एक साधे उदाहरण घ्यावे. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज हुशार मुलगा झटकन करतो. उत्तर पाच षष्ठांश. शेजारचा विचारतो, वरचे अंक मिळवून दोन आणि खालचे मिळवून पाच, म्हणजे दोन पंचमांश का नाही? येथे हुशार मुलगा थांबतो. त्यास रीत ठाऊक होती, कारण ठाऊक नव्हते. ते शोधताना त्यास दिसते की दोन पंचमांश हे अर्ध्याहूनही कमी आहे, मग अर्ध्यात काही मिळविल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान कसे येईल? हा प्रश्न त्यास कोणत्याही शिकवणी वर्गात पडला नसता. तो त्या ‘मंद’ मुलाने पाडला. अर्थात हुशार मुलास वर्षभर फुकटचा मास्तर करून ठेवणेही योग्य नव्हे. म्हणूनच प्रत्येकाने आळीपाळीने सांगावयाचे आणि आळीपाळीने ऐकावयाचे.

सर्वच गोष्टी गटात शिकाव्यात असेही नाही. पाढे, शुद्धलेखन, हस्ताक्षर, सूत्रपाठ यांना एकट्याचीच मेहनत लागते. लाजाळू मुलास एकदम पाच जणांत बोलावयास लावणे क्रौर्य आहे. त्याच्यासाठी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली पायरी अधिक सोयीची : आधी एकट्याने विचार, मग जोडीदाराशी बोलणे, आणि त्यानंतरच सर्वांपुढे. वर्गात गलबला होतो हा आक्षेपही खराच आहे. बाजारपेठेतही गलबला असतो. व्यवहार होत आहे की नुसत्या गप्पा, हे गल्ल्यावर बसलेल्यास आवाजावरून कळते, आणि अनुभवी शिक्षकासही कळते.

समाजातील बहुतेक संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात. नव्वद टक्क्यांच्या वरच्यांना स्मृतिचिन्ह मिळते, छायाचित्र निघते. ज्यांची नावे पुकारली जात नाहीत ती मुलेही त्याच सभागृहात आईवडिलांशेजारी बसलेली असतात. दहावीनंतर ती पाठशाळेत येत नाहीत, मंदिरातही कमी दिसू लागतात, आणि पुढे समाजाच्या कार्यक्रमांस येईनाशी होतात. त्याची कारणे अनेक असतील. त्यांतील एक कारण संस्थेच्या स्वतःच्या व्यासपीठावर असण्याचा संभव नाकारता येत नाही. सत्कार बंद करावा असे सुचवावयाचे नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून त्याच्या जोडीस आणखी एक पारितोषिक ठेवावे : ज्या गटातील सर्वांत कमी गुण असलेल्या मुलाने सर्वाधिक प्रगती केली, त्या संपूर्ण गटास.

प्रारंभ कोठून करावा, याविषयी एक प्रत्यक्ष योजना येथे मांडणे उचित होईल. पाठशाळेत षड्द्रव्यांचा पाठ असतोच. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल. द्रव्ये सहा, म्हणून गटही सहा-सहा मुलांचे. वर्गात छत्तीस मुले असतील तर सहा गट. गट मुलांनी निवडू नयेत, अध्यापकांनी बांधावेत. वय, शाळा आणि घरची परिस्थिती यांची सरमिसळ करून. प्रत्येक मुलास एका द्रव्याची एक चिठ्ठी द्यावी. तीत लक्षण, एक दृष्टांत आणि एक प्रश्न असावा. पहिली दहा मिनिटे एकट्याने वाचन. पुढील पंधरा मिनिटे सर्व गटांतील ‘धर्म’वाले एकत्र, ‘अधर्म’वाले एकत्र, याप्रमाणे सहा मंडळे. येथेच अध्यापकांची खरी गरज लागते, कारण येथे धर्म म्हणजे पुण्य नव्हे आणि अधर्म म्हणजे पाप नव्हे, ती गतीस आणि स्थितीस साहाय्य करणारी द्रव्ये आहेत, हे मुलांच्या गळी सहज उतरत नाही. माशास पाणी जसे पोहण्यास साहाय्य करते पण ढकलत नाही, वाटसरूस झाडाची सावली जशी थांबण्यास साहाय्य करते पण अडवत नाही, हे परंपरागत दृष्टांत मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावेत. नंतरची पंचवीस मिनिटे मूळ गटात परत येऊन प्रत्येकाने आपले द्रव्य इतर पाच जणांना सांगावे.

सहा तुकडे एकत्र आले की एक प्रश्न आपोआप उभा राहतो. द्रव्ये सहा, मग अस्तिकाय पाचच का? काल का वगळला? घोकून पाठ केलेल्या मुलास हा प्रश्न पडत नाही. समोर सहा चिठ्ठ्या मांडून बसलेल्यास पडतो. काळास प्रदेशांचा विस्तार नाही हे उत्तर अध्यापकांनी लगेच देऊ नये, एक आठवडा वाट पाहावी. काळास स्वतंत्र द्रव्य मानावे की नाही याविषयी श्वेतांबर परंपरेत दोन मते आहेत, हेही मोठ्या मुलांना सांगण्यास हरकत नाही.

शेवटची दहा मिनिटे लेखी चाचणीची. तीत बोलावयाचे नाही, शेजाऱ्याकडे पाहावयाचे नाही, आणि सहाही द्रव्यांवर प्रत्येकाने एकट्याने लिहावयाचे. रविवारी काही मुले गैरहजर असतातच. म्हणून प्रत्येक गटात एक चिठ्ठी जादा ठेवून ती लवकर वाचून होणाऱ्या मुलास द्यावी. पहिले तीन-चार रविवार गोंधळाचे जातील, तेवढ्यावरून योजना गुंडाळू नये. चिठ्ठ्यांचा कागद आणि छपाई यांस फारसा खर्च नाही. त्या लिहून देण्यासाठी समाजातील निवृत्त शिक्षकांनी पुढे यावे, आणि दीपावलीच्या सुटीनंतरच्या पहिल्या रविवारी षड्द्रव्यांपासून आरंभ करावा.

जय जिनेंद्र.